चांगले वागल्याने सुख मिळते, की दुसरेच काही?

पायवाट (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या बाबतीत दोन साध्या गोष्टी घडल्या. त्या दोन्हींचा मेळ मनात नीट बसेना, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिली गोष्ट कार्यालयातली. आमच्या विभागाच्या वार्षिक अहवालात एक तक्ता चुकला होता. एक ओळ वर सरकल्यामुळे तिच्याखालचे सगळे आकडे एकेका घराने घसरले होते आणि हे लक्षात येईपर्यंत अहवाल वरिष्ठांच्या हाती पडला होता. बैठकीत त्यांनी गृहीत धरले की हा प्रताप नव्याने रुजू झालेल्या मुलाचाच असणार. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले आणि तो आपल्या वहीत पाहू लागला, कारण चूक आपली नाही याची खात्री बिचाऱ्याला स्वतःलाही नव्हती. चूक माझी होती. घरी निघण्याच्या घाईत ती ओळ मीच सरकवली होती. मी तसे सांगितले. सांगण्याआधी फार तर चार सेकंद गेले असतील, पण तेवढ्यात किती पळवाटा सुचाव्यात! तो नवा आहे, त्याला सांभाळून घेतील. माझ्या बढतीचा विषय तोंडावर आहे. आत्ता गप्प बसावे आणि नंतर वरिष्ठांना एकटे गाठून सांगावे. ही तिसरी पळवाट सर्वांत सभ्य दिसणारी होती आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची होती.

सांगून टाकल्यावर मला आनंद झाला का? मुळीच नाही. हात गार पडले होते आणि पुढचे दोन दिवस बैठकीतले चेहरे आठवले की कानशिले तापत होती. मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना एक भावना होती, जिला आनंद म्हणता येणार नाही आणि दुःख तर नाहीच नाही. जिथे उभे राहायला हवे होते तिथे आपण उभे आहोत, असे काहीसे वाटत होते.

दुसरी गोष्ट दोन दिवसांनंतरची. रस्त्याने जाताना माझ्या पिशवीतून चष्म्याची डबी पडली आणि मला पत्ताच नव्हता. एक अनोळखी गृहस्थ धापा टाकत मागून आले, डबी हातात दिली आणि मी आभार मानेपर्यंत वळून चालू लागले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत खुशीत होते. वास्तविक मी काहीच केले नव्हते, जे काही केले ते त्या गृहस्थांनी.

म्हणजे चांगले काम मी केले तेव्हा सुख मिळाले नाही आणि दुसऱ्याने केले तेव्हा मिळाले. हा माझ्या स्वभावाचा दोष असावा असे वाटत असतानाच एका जुन्या अभ्यासाची आठवण झाली. विल्हेल्म हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला होता. अमेरिका आणि कॅनडा येथील १२५२ प्रौढांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा, मोबाइलवर संदेश पाठवून एवढेच विचारले गेले की गेल्या तासाभरात तुम्ही एखादे नैतिक किंवा अनैतिक कृत्य केले का, तुमच्या बाबतीत कोणी केले का, तसे काही पाहिले किंवा ऐकले का, आणि या क्षणी तुम्हाला कसे वाटते आहे. तेरा हजारांहून अधिक नोंदी जमल्या आणि त्यांतल्या सुमारे २९ टक्के नोंदींत असे काही ना काही घडलेले होते. प्रयोगशाळेत कल्पित पेचप्रसंग वाचायला देऊन मते विचारण्याची पद्धत जुनी आहे. इथे मात्र माणसांच्या चालू दिवसात डोकावून पाहिले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्यात आढळले ते असे की क्षणापुरत्या सुखावर सर्वाधिक परिणाम होतो तो आपल्याशी कोणी कसे वागले याचा, आणि आपल्या जगण्याला काही हेतू आहे या जाणिवेवर सर्वाधिक परिणाम होतो तो आपण स्वतः कसे वागलो याचा. माझा आठवडा जणू या वाक्याचे उदाहरण म्हणूनच घडला होता.

तेव्हा इथल्या जाणत्यांना विचारायचे ते हे, की ‘चांगले वागा म्हणजे सुखी व्हाल’ असे जे लहानपणापासून सांगितले जाते, ते मुळातच चुकीच्या नावाने दिलेले आश्वासन आहे का?

---

शंकेखोर

धागा आवडला, पण टोपणनावाला जागून दोन शंका मांडतो.

पहिली शंका नोंदींविषयी. आपण चांगले वागलो की वाईट, हे त्या अभ्यासात ज्याचे त्याने सांगितलेले आहे. कोणाला रस्ता ओलांडायला मदत केली हे माणूस लगेच नोंदवतो, पण बोलता बोलता कोणाचा पाणउतारा केला हे त्याच्या लक्षातही राहात नाही, कारण तो त्याला पाणउतारा वाटतच नाही. त्यामुळे ‘चांगले कृत्य केले आणि हेतूची जाणीव वाढली’ याचा अर्थ कदाचित एवढाच असेल की ‘आपण चांगले कृत्य केले असे वाटले आणि म्हणून बरे वाटले’. या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे.

दुसरी शंका कार्यकारणाविषयी. चांगले वागणारे लोक समाधानी दिसतात, हे खरे धरले तरी समाधानी लोकच चांगले वागत असतील तर? १९७२ साली ॲलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन यांनी केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. सार्वजनिक दूरध्वनीच्या खोक्यात परत आलेले नाणे ज्यांना अचानक सापडले, अशा १६ जणांपैकी १४ जणांनी बाहेर कागद सांडलेल्या व्यक्तीला ते उचलू लागण्यास मदत केली. ज्यांना नाणे सापडले नाही, अशा २५ जणांपैकी फक्त एकाने केली. एका नाण्याने एवढी माणुसकी जागते हे वाचून कोणीही थक्क होईल, आणि इतके थक्क करणारे आकडे दिसले की मी सावध होतो. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा हा परिणाम दिसला नाही.

उलट दिशेचा पुरावाही आहे, तो लपवत नाही. एलिझाबेथ डन, लारा एक्निन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली ४६ जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते संध्याकाळच्या आत स्वतःवर खर्चायचे होते आणि निम्म्यांनी दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी आढळले आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. गंमत अशी की याचा अंदाज बांधायला ज्यांना सांगितले होते, त्यांनी नेमके उलटे सांगितले होते. २०२० मध्ये हा प्रयोग कितीतरी मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हाही कल त्याच बाजूला राहिला. म्हणजे देण्याने सुख मिळत नाही असे मी म्हणत नाही. मात्र पैसे दुसऱ्यावर खर्च करणे आणि भर बैठकीत ‘चूक माझी’ म्हणणे या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत, कारण पहिल्या कृतीत समोरच्याचा उजळलेला चेहरा दिसतो आणि दुसरीत वरिष्ठांचा आंबलेला.

---

उत्तररात्र

मी इथे सहसा फक्त वाचतो. हा धागा वाचून मात्र लिहावेसे वाटले.

माझे वडील गेली साडेतीन वर्षे अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्री दर तीन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे तीनचा गजर होतो तेव्हा मी चांगला मुलगा वगैरे काहीही नसतो. झोपमोड झालेला, चिडलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस असतो. एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालायचा, चादर आधी अर्धी गुंडाळून त्यांच्या पाठीशी सरकवायची, मग त्यांना आपल्याकडे वळवून उरलेली अर्धी ओढून काढायची. हे आता झोपेतही जमते. या कामात सुख नाही. कोणी विचारले तर मी शपथेवर सांगेन की नाही. पण गेल्या वर्षी चार दिवस परगावी जावे लागले, रात्रीसाठी एक मदतनीस ठेवला होता, आणि तिथे पहाटे तीन वाजता गजर नसतानाही जाग आली. सलग झोपायला मिळणार म्हणून मी आतुर होतो. प्रत्यक्षात उशाशी बसून राहिलो आणि आपण इथे काय करतो आहोत असे वाटत राहिले.

रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ३९७ प्रौढांच्या उत्तरांवरून सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य यांतला फरक शोधला होता. घेणाऱ्यांकडे सुख अधिक, देणाऱ्यांकडे अर्थ अधिक, आणि काळजी, ताण, चिंता या गोष्टी अर्थपूर्ण आयुष्याच्या सोबतीने येतात, असे त्यांना आढळले. ते प्रथम वाचले तेव्हा मला मोठा दिलासा वाटला, कारण तोपर्यंत माझी समजूत अशी होती की सेवा करूनही मला आनंद होत नाही, याचा अर्थ माझी सेवाच खोटी आहे.

एक मुद्दा मात्र धागाकर्तीच्या मांडणीत मला खटकला. ज्याच्याशी चांगले वागले जाते तो सुखी होतो, असे त्या म्हणतात. माझे वडील होत नाहीत. पहाटे त्यांचे डोळे उघडे असतात आणि त्यांत जे दिसते ते सुख नसते, संकोच असतो. आयुष्यभर ज्या माणसाने कोणाचे काही घेतले नाही त्याला घेणे फार जड जाते. चष्म्याची डबी परत मिळणे वेगळे, ते एकदा घडते आणि देणारा निघून जातो. जो देणारा रोज पहाटे पुन्हा समोर उभा राहतो, त्याच्या उपकाराचे काय करायचे, हे घेणाऱ्याला कळत नाही. मग मी एक युक्ती केली. कूस बदलताना मी त्यांना माझ्या कामातल्या अडचणी विचारू लागलो. ते हिशेबतपासनीस होते. त्यांचा सल्ला अजूनही तंतोतंत असतो. तेव्हापासून त्यांचा संकोच थोडा कमी झाला आहे. मी दिले त्याने नव्हे, माझ्याकडून घेतले गेले त्याने.

---

शंकेखोर

उत्तररात्र, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांसमोर माझी आकडेवारी फिकी आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो.

---

जुना वाचक

इथपर्यंतची चर्चा सुसंस्कृत आहे, पण तिच्यात एक गोष्ट गाळली जाते आहे आणि ती अशी की चांगले वागल्याची किंमत मोजावी लागते. धागाकर्तीची बढती, मला वाटते, अजून शाबूत असावी.

माझी गोष्ट सांगतो. वीस वर्षांपूर्वी मी एका खात्यात मोजमापाच्या कामावर होतो. झालेल्या कामापेक्षा जास्त काम कागदावर दाखवणाऱ्या एका नोंदीवर मी सही केली नाही. आरडाओरडा केला नाही, तक्रार केली नाही, फक्त सही केली नाही. दुसऱ्या कोणीतरी ती केली आणि काम पुढे गेले. माझी बदली झाली. त्यानंतर माझ्याविषयी पसरले ते असे की या माणसाला काम उरकता येत नाही, हा आडमुठा आहे. प्रामाणिक म्हणून बदनाम झालो असतो तर निदान त्यात काही शोभा होती; मी अकार्यक्षम म्हणून बदनाम झालो.

प्लेटोच्या एका संवादात ग्लॉकन हाच प्रश्न विचारतो. अदृश्य करणारी अंगठी सापडलेल्या मेंढपाळाची गोष्ट सगळ्यांना आठवते, पण त्याची खरी मेख त्यानंतर आहे. तो म्हणतो, पूर्णपणे न्यायी असूनही जगाला अन्यायी वाटणारा माणूस आणि पूर्णपणे अन्यायी असूनही न्यायी म्हणून मिरवणारा माणूस यांना शेजारी शेजारी उभे करा आणि मग सांगा, दोघांत सुखी कोण? सद्गुणासोबत येणारी कीर्ती, विश्वास, लोकांचे प्रेम हे सगळे काढून घेतले, तर नुसत्या सद्गुणात सुख उरते का? सॉक्रेटिस त्यावर बराच वेळ बोलतो. मला ते उत्तर कधीच पूर्ण पटले नाही, पण प्रश्न पटला.

धागाकर्ती ज्याला हेतूची जाणीव म्हणतात ती मला मिळाली का? पहिली पाच-सात वर्षे नाही. फक्त कडवटपणा मिळाला. आणि कडवटपणाने मी घरच्यांशी जसा वागलो ते पाहता, त्या एका सहीच्या नकाराने जगात चांगुलपणा वाढला की घटला, याचा जमाखर्च मांडायला मला भीती वाटते.

---

विरामचिन्ह

जुना वाचक यांच्या अनुभवावर काही बोलावे असा माझा अधिकार नाही. मला शब्दांविषयी थोडे लिहायचे आहे, कारण मला वाटते की अर्धा घोळ शब्दांचा आहे.

आपण ‘सुख’ म्हणतो तेव्हा त्यात मिळण्याचा भाव असतो. सुख लाभते, सुख लागते, सुखाचे दिवस येतात. ‘आनंद’ होतो, तो घडतो. ‘समाधान’ मात्र मानावे लागते, म्हणजे त्यात आपला काही वाटा असतो. आणि ‘सार्थक’ हे मिळत नाही, मानताही येत नाही, ते एखाद्या गोष्टीचे होते: कष्टाचे सार्थक झाले, जन्माचे सार्थक झाले. धागाकर्तीला घरी जाताना जे वाटले ते सुख नव्हते आणि आनंदही नव्हता, हे उघड आहे. त्यांनी वापरलेले ‘हेतू’ हे नाव मला थोडे कोरडे वाटते. ‘सार्थक’ जवळचे आहे, पण ते फार मोठे आहे. एक तक्ता दुरुस्त केल्याने जन्माचे सार्थक झाले असे कोणी म्हणणार नाही.

माझ्या मते रोजच्या चांगुलपणाचा ठाव उलट्या बाजूने लागतो. वाईट वागल्यावर काय होते याला आपल्याकडे किती बारीक छटांचे शब्द आहेत पाहा. करायचे राहून गेले की रुखरुख लागते. हातातली संधी निसटली की चुटपुट लागते. केलेले खुपत राहिले की टोचणी लागते. कोणी दुखावले गेले आणि ते परत भेटलेच नाहीत, तर ते सलत राहते. आता यांतले काहीच लागले नाही, तर त्या अवस्थेला शब्द कोणता? मला तरी सापडत नाही. फार तर ‘रात्री शांत झोप लागली’ असे आपण म्हणतो. धागाकर्ती त्या बैठकीत गप्प राहिल्या असत्या तर त्यांना काय लागले असते, याचे वर्णन त्या चार ओळींत करू शकल्या असत्या. बोलल्या, म्हणून जे लागले नाही, त्याचे वर्णन करायला हा अख्खा धागा काढावा लागला.

(अवांतर: ‘प्रताप’ हा शब्द चुकीला लावून तुम्ही त्याचे सार्थक केलेत.)

---

काठावरचा

विरामचिन्ह यांच्याशी सहमत आहे, पण तत्त्वज्ञानात हा वाद शब्दांपाशी थांबत नाही, म्हणून थोडी भर घालतो.

ॲरिस्टॉटलच्या मते ज्याला चांगली कृती करताना आनंद होत नाही तो माणूस अजून चांगला झालेलाच नाही. दात-ओठ खाऊन खरे बोलणारा माणूस आत्मसंयमी असेल, पण सद्गुणी नव्हे. सद्गुण अंगवळणी पडला की त्यात गोडी वाटायला हवी. कांटने १७८५ मध्ये नेमकी उलटी बाजू घेतली. त्याचे उदाहरण असे, की परोपकाराची आवड असलेल्या एका माणसाचे मन स्वतःच्या दुःखाने झाकोळून गेले आहे, इतरांच्या सुखदुःखाने त्याच्या आत काहीही हलत नाही, आणि तरीही केवळ कर्तव्य म्हणून तो मदतीचा हात पुढे करतो. कांट म्हणतो, आता कुठे त्याच्या कृतीला खरे नैतिक मूल्य आले. सुख हे नीतीचे फळ आहे असे तो मानत नाही. नीतीने माणूस सुखाला पात्र होतो, पात्र होणे आणि मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहाटे तीन वाजता चिडत उठणारे उत्तररात्र हे ॲरिस्टॉटलच्या परीक्षेत काठावर पास होतील आणि कांटच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत. मला विचाराल तर दोघांनीही एक गोष्ट पाहिली नाही: चादर सरकवण्याची ती सफाई. ‘हे आता झोपेतही जमते’ या वाक्यात आनंद नाही आणि नुसते कर्तव्यही नाही. हात शिकले आहेत. मन अजून कुरकुरते आहे, पण हातांना प्रश्न पडत नाही.

जॉन स्टुअर्ट मिलची गोष्टही इथे लागू पडते. वयाच्या विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, त्याने स्वतःला विचारले की समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून आपण झटतो आहोत त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर आपल्याला सुख होईल का? आतून स्पष्ट उत्तर आले की नाही. त्यानंतर तो कित्येक महिने खचलेला होता. त्याच्याकडे हेतूची कमतरता नव्हती; बालपणापासून त्याला हेतूच पाजलेला होता. तेव्हा हेतू आहे म्हणजे सगळे आले, असेही समजू नये. पुढे तो या मतावर आला की सुखावर नजर रोखून सुख मिळत नाही, ते दुसऱ्या कशात तरी गुंतलेल्या माणसाला वाटेत सापडते.

---

पायवाट (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व.

उत्तररात्र, तुमची दुरुस्ती मान्य आहे. मी घेण्याचा विचार डबीपुरताच केला होता. जुना वाचक, तुमचा अंदाज बरोबर आहे, बढती झाली. वरिष्ठांनी उलट त्या प्रसंगाचा उल्लेख चांगल्या अर्थाने केला. त्यामुळे माझ्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, हे मला आता दिसते आहे. माझा चांगुलपणा मला परवडला.

शंकेखोर यांच्या पहिल्या शंकेला मात्र थोडा प्रतिवाद करते. माणसे स्वतःविषयी खोटे चांगले सांगतात, हे खरे. पण त्या अभ्यासातले सर्वांत मनोरंजक निष्कर्ष स्वतःची शोभा वाढवणारे नाहीत. धार्मिक आणि धार्मिक नसलेल्या लोकांच्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. धार्मिक लोकांना वाईट कृत्यानंतर अपराधी अधिक वाटत होते, एवढेच. ज्यांच्याशी दिवसात आधी कोणी चांगले वागले होते, ते पुढे स्वतः कोणाशी तरी चांगले वागण्याची शक्यता वाढलेली दिसली. आणि ज्यांनी स्वतः आधी चांगले काही केले होते, ते पुढे त्याच दिवशी काहीतरी वाईट करण्याची शक्यताही वाढलेली दिसली. जणू खात्यात पुण्य जमा झाले म्हणून थोडे काढायला हरकत नाही. बनाव करणाऱ्या माणसाने हे असे कशाला नोंदवावे?

आणखी एक. आपण सगळे स्वभाव, सद्गुण, अंगठी यांविषयी बोलतो आहोत, पण रोजच्या वागण्याचा निकाल पुष्कळदा घड्याळ लावते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत पाठवले आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. त्यांच्यापैकी निम्मे तर वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या माणसाच्या कथेवरच बोलायला चालले होते, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. ती ओळ मी सरकवली तेव्हा मी घाईत होते. बैठकीत घाई नव्हती. मी सद्गुणी असण्यापेक्षा त्या सकाळी मला वेळ होता, एवढेच खरे असू शकेल.

---

शंकेखोर

माझी पहिली शंका अर्धी मागे घेतो. अर्धी ठेवतो, कारण सवय.

मात्र एक निरीक्षण नोंदवतो. जेसी सन आणि जेफ्री गुडविन यांनी २०२० मध्ये लोकांना विचारले होते की स्वतःमधले कोणते गुण बदलावेसे वाटतात. चिंता कमी व्हावी, नीटनेटकेपणा यावा असे लोकांना वाटत होते. प्रामाणिकपणा, करुणा असे नैतिक गुण वाढावेत अशी इच्छा त्या मानाने कमी होती. हे वाचून मला हसू आले होते. मग मीच कागद घेऊन माझी यादी केली. तीत लवकर उठणे होते, पाठीचे दुखणे होते, इतकेच काय, हस्ताक्षर सुधारणे होते. दयाळूपणा नव्हता.

आणि धागाकर्तीला एक प्रश्न. तुम्ही खात्यात पुण्य जमा होण्याविषयी लिहिलेत. बैठकीच्या त्याच दिवशी पुढे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही.

---

जुना वाचक

कालच्या प्रतिसादात माझा सूर जास्त कडू लागला असेल तर माफ करावे. एक गोष्ट सांगायची राहिली. बदलीनंतर अनेक वर्षांनी, निवृत्तीच्या थोडे आधी, एक तरुण अभियंता माझ्याकडे एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, ‘तुम्ही मोजून घेतले असेल तर मी पुन्हा मोजत नाही.’ त्याला माझा इतिहास ठाऊक नव्हता. मी त्याला पुन्हा मोजायला लावले, तो भाग वेगळा. पण त्या दिवशी जे वाटले त्याला विरामचिन्ह यांच्या यादीतला कोणता शब्द लावावा, याचा सकाळपासून विचार करतो आहे. ‘सार्थक’ मोठे होते आणि ‘समाधान’ कमी पडते.

---

विरामचिन्ह

‘धन्यता’ चालेल का? थोडा जुना शब्द आहे, पण वाया गेलेला नाही.

---

जुना वाचक

नको. त्यात मी फार दिसतो. शब्द नसला तरी चालेल.

---

पायवाट (धागाकर्ती)

शंकेखोर, प्रश्न बरोबर जागी लागला.

त्या संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा बहिणीचा फोन आला. तिची गेले काही महिने घरात ओढाताण चालू आहे आणि ती बोलायला लागली की तासभर जातो, हे मला माहीत होते. मी पडद्यावर तिचे नाव पाहिले आणि फोन वाजू दिला. तेव्हा मनात जे आले ते शब्दशः लिहिते: ‘आज मी पुष्कळ केले आहे.’ फोन पालथा ठेवला आणि तो थांबेपर्यंत त्याच्या मागच्या काचेवरचा ओरखडा पाहात बसले. तिने पुन्हा केला नाही. नंतर आम्ही दोनदा बोललो, पण त्या दिवशी तिला काय सांगायचे होते ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

पहिल्या लेखात मी लिहिले होते की त्या संध्याकाळी जिथे उभे राहायला हवे तिथे आपण उभे आहोत असे वाटत होते. ते खोटे नव्हते. ते वाटत असतानाच मी फोन पालथा ठेवला होता.

उद्या रविवार आहे. सकाळी तिला फोन करणार आहे. त्या दिवशी मुद्दाम उचलला नव्हता हे सांगायचे, की नुसते ऐकून घ्यायचे, हे अजून ठरलेले नाही.